तांब्यावरचं नाव

अक्का कुणाच्याही घरी गेल्या की पाणी पिण्याआधी तांब्या वाचायच्या. घरची बाई पाणी आणून द्यायची. अक्का तांब्या हातात घेऊन उजेडाकडे वळवायच्या, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायच्या आणि त्यावर घातलेलं नाव मोठ्याने वाचायच्या. 'चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून सप्रेम भेट.' पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, मामा कुठल्या गावचा? बाई गाव सांगायची. त्या गावातलं कुणीतरी अक्कांच्या ओळखीचं निघायचंच. नाही निघालं तर तिथला आठवडी बाजार तरी ओळखीचा असायचा. चार घोट पाणी पोटात जाईपर्यंत ती बाई अक्कांना खेटून भुईवर बसलेली असायची आणि मी, चार पानांचे प्रश्न टाइप करून आणलेली शिकलीसवरली मुलगी, उंबऱ्याजवळ पिशवी सांभाळत उभी असायची.

"भांड्याला विचारावं गं आधी," त्या मला म्हणायच्या. "माणसाला मागनं."

अक्कांचं माहेर उमरग्याच्या बाजूचं, लिंगायत वाण्याचं. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं आणि भांड्यावर नाव घालायच्या यंत्रावर शाळा सुटल्यावर अक्का बसायच्या. अक्षर वळणदार म्हणून लग्नसराईत त्यांना शाळेतूनही बोलावून आणत. बिननावाचं भांडं दुकानाची पायरी उतरून जायचं नाही, असा वडिलांचा नियम. नाव नाही ते भांडं बेवारशी, कुणीही उचलावं. पुढे त्या लग्न होऊन धाराशिवला आल्या, दोन मुलं झाल्यावर समाजशास्त्रात एम. ए. झाल्या आणि गावोगाव अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत लागल्या. मी तिथे नोकरीला गेले तेव्हा त्या साठीला टेकल्या होत्या. त्या गटचर्चा घ्यायच्या आणि मी नोंदी लिहायची.

गटचर्चा म्हणजे काय, तर एकसारख्या परिस्थितीतल्या आठ-दहा माणसांना गोल बसवायचं, एखादा विषय काढायचा आणि ती आपसांत काय बोलतात ते टिपून घ्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. पहिला महिनाभर अक्कांनी मला प्रश्न कसा विचारावा हे शिकवलंच नाही. बसायचं कुठे, एवढंच शिकवलं. शाळेत बसायचं नाही, तिथे भिंतीवर पोरं येऊन बसतात. देवळात नाही, कारण पाळी असलेली बाई पायरीवरून मागे फिरते आणि कोण मागे फिरली हे अख्खं गाव बघतं. सरपंचाच्या ओसरीवर तर मुळीच नाही. सासू-सून एका सतरंजीवर नकोत, जावा-जावाही नकोत. खुर्ची कुणालाच नको, अक्कांनाही नको. त्यांचे गुडघे कामातून गेले होते. बसताना त्या 'शिवा शिवा' म्हणत बसायच्या आणि उठताना दोघींनी मिळून ओढावं लागायचं. पण खुर्चीचं नाव काढलं की फुरंगटून बसायच्या.

सगळे बसले की त्या पहिल्यांदा जे बोलायच्या ते मला पाठ झालं होतं. "माझ्या तोंडाची हमी मी देते. ही लिहून घेणारी पोरगी माझ्या हाताखालची आहे, हिच्याही तोंडाची देते. पण तुमच्या शेजारी जी बसलीय तिच्या तोंडाची हमी मी कशी देऊ? तेव्हा जे बोलून घरी गेल्यावर घास उतरणार नाही ते इथं बोलू नका. गप्प बसलात तरी चहा मिळणार आहे." बायका हसायच्या. ऑफिसातल्या सरांना मात्र हे भाषण पसंत नव्हतं. आधीच घाबरवून ठेवल्यावर बायका बोलतील कशा, असं त्यांचं म्हणणं. अक्का म्हणायच्या, मग नाही बोलणार, त्यांचं तोंड आहे.

एकदा येडशीला स्टेशनच्या अलीकडे एका घरात आम्ही तरुण सुनांना बसवलं होतं. विषय बाळंतपणाचा. गोष्टी कुठे रंगात येतात तोच एकीची सासू सुपात तूर घेऊन दारात येऊन बसली आणि खडे निवडायला लागली. अक्कांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि लिंबाचं लोणचं काळं का पडतं हे विचारलं. मग तासभर लोणचं. सासूबाईंनीही खूप सांगितलं. येताना एस.टी.त मी रडकुंडीला आले होते, दिवस वाया गेला म्हणून. अक्का खिडकीची जागा पकडून घोरत होत्या. खिडकी त्या कुणाला देत नसत. दुसऱ्या दिवशी सरांनी चर्चेचं काय झालं विचारलं तर म्हणाल्या, चर्चा उत्तम झाली, मीठ आधी घालायचं.

अशा बाईच्या हातून पुढचं सगळं घडलं, म्हणून मला हे लिहावंसं वाटतंय. नाहीतर चुका करणारी माणसं काय थोडी असतात.

भूम तालुक्यातल्या एका गावात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांशी बोलायचं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. तिकडे पाऊस नाही, पाणी नाही. दिवाळी झाली की निम्मं गाव नवरा-बायकोच्या जोडीने कारखान्यांकडे निघतं. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते. या जोडीला कोयता म्हणतात आणि असे कोयते गोळा करून नेणारा तो मुकादम. विषय होता गर्भपिशवी काढण्याच्या ऑपरेशनचा. पस्तिशीही न गाठलेल्या कितीतरी बायकांची पिशवी काढलेली होती. पाळी नाही, दुखणं नाही, म्हणजे खाडा नाही.

अक्कांनी त्या गावाची तयारी दोन महिने केली. आधी नुसत्याच जाऊन पाणी पिऊन आल्या. दिवस धरला भूमच्या बाजाराचा, म्हणजे बापे गावात नसणार. जागा धरली गावाच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या एका म्हातारीची पडवी. नावं घ्यायचीच नाहीत असं ठरवलं. प्रत्येकीने एकेका धान्याचं नाव घ्यायचं आणि मीही तेवढंच लिहायचं. त्यामुळे माझ्या वहीत त्या दिवशी ज्वारी, तूर, हुलगा, मटकी, करडई अशा बायका बोलल्या आहेत. सडपातळ, सावळ्या, मागे सरकून बसलेल्या एकीने जवस हे नाव घेतलं. तिचं खरं नाव मला माहीत आहे. ते मी इथेही सांगणार नाही.

अर्धा दिवस बसवून ठेवायचं तर बायकांना काहीतरी द्यायला हवं. ऑफिसचं म्हणणं पाकीट द्या. अक्का अडून बसल्या. पैसे दिले की बोलणं विकत घेतल्यासारखं होतं, आणि पाकीट संध्याकाळी नवऱ्याच्या खिशात जातं. भांडं बाईचं राहतं. म्हणून स्टीलचे तांब्ये घ्यायचे ठरलं. दुकानदार ओळखीचा होता. नाव काय घालू, असं त्याने विचारलं. त्यावर अक्कांनी पुष्कळ विचार केला, हे मी शेजारी उभी राहून पाहिलं आहे. नाव तर घालायला हवं. बिननावाचा कोरा तांब्या घेऊन सून घरात शिरली तर सासू विचारणार, कुणाचा उचलून आणलास? संस्थेचं नाव नको, ते गावात बोभाटा करेल. विषयाचं तर नकोच. शेवटी त्यांनी 'महिला चर्चा, सप्रेम भेट' एवढंच ठरवलं आणि दुकानदाराला उठवून यंत्रावर स्वतः बसल्या. सगळी नावं त्यांनीच घातली. पदर खोचून, जीभ दाताखाली धरून त्या ती अक्षरं काढत होत्या आणि मधूनच माझ्याकडे बघून हसत होत्या. इतक्या खुशीत मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे कोण बिननावाचं भांडं देतं?

चर्चा झाली. सुरुवातीला बायका नेहमीसारख्या इकडचं तिकडचं बोलल्या. डॉक्टर काय म्हणाला, कंबर कशी धरते, मोळी डोक्यावर घेताना आता काय होतं. जवस मान खाली घालून ऐकत होती. मग करडई म्हणाली की आमच्या घरच्यांनीच ठरवलं बाई, आणि तेव्हा जवसने मान वर केली.

"आमच्यात घरच्यानं बी न्हाय ठरवलं," ती म्हणाली. "जीप मुकादमाची. दवाखाना मुकादमाच्या वळखीचा. पिशवी तेवढी माजी व्हती."

माझ्यासमोरच्या कागदावर पुढचा प्रश्न तयार होता, ऑपरेशनचा निर्णय घेताना तुम्हाला विचारलं होतं का. अक्कांनी तो विचारला नाही. बास का बाई, का अजून काही आहे, एवढंच म्हणाल्या. जवसने मान हलवली. निघताना अक्का तिला बाजूला घेऊन गेल्या आणि हे वाक्य ठेवू का काढून टाकू, असं विचारलं. राहू द्या, माजं नाव न्हाय ना त्यात, असं ती म्हणाली. मग सगळ्या तांब्ये पदराखाली घेऊन आपापल्या घरी गेल्या आणि आम्ही भूमला येऊन एस.टी. पकडली.

अहवाल निघाला. त्यात गावाचं नाव नव्हतं, बाईचं नव्हतं, मुकादमाचंही नव्हतं. धाराशिवला तो मांडला तेव्हा एका बातमीदाराने नेमकं तेच वाक्य उचललं. वाक्यच तसं होतं. ते छापून आलं, त्याचा फोटो मोबाईलवरून फिरला आणि फिरत फिरत त्या गावच्या मुकादमापर्यंत पोचला. जीप कुणाची हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

हा मुकादम मी नंतर पाहिला. पांढरा सदरा, गोड बोलणं, म्हाताऱ्या माणसांना हात धरून उठवणारा. त्याने आरडाओरडा केला नाही की कुणाला धमकावलं नाही. आपल्या टोळीतल्या घरोघर गेला आणि बसून म्हणाला, जरा पाणी पाजा. आता मुकादम घरी आल्यावर पोचे आलेला जुना तांब्या कोण बाहेर काढील? बायकांनी मांडणीवरचा नवा, लखलखीत तांब्या काढला. त्याने तो उजेडाकडे वळवला आणि वाचला. महिला चर्चा, सप्रेम भेट. पुढच्या घरी तेच. अक्कांची ही सवय त्याला कुणी शिकवली नव्हती.

तो कुणालाही काही बोलला नाही. फक्त ज्या घरांत तो तांब्या होता त्या घरच्या बाप्यांना पारावर बोलावून म्हणाला की औंदा तुमचे कोयते मला नकोत, दुसरीकडं बघा. दुसरीकडे कोण घेणार? मुकादम सगळे एकमेकांचे सोयरे. दिवाळी तोंडावर आलेली. त्या घरांमधून दोन दिवस काय चाललं असेल ते मी बघितलेलं नाही. तिसऱ्या घरातून की चौथ्या घरातून जवसचं खरं नाव बाहेर पडलं. सांगणारीला मी दोष देत नाही. तिलाही दोन लेकरं होती. बाकीच्यांचे कोयते पुन्हा टोळीत आले. जवसला तिच्या नवऱ्याने भावाच्या दारात नेऊन सोडलं. लेकरं ठेवून घेतली. आणि एकट्या माणसाचा कोयता होत नाही, म्हणून टोळी निघायच्या आत त्याने दुसरी बाई आणली. पोरं पुढे तिच्याबरोबर फडावर गेली.

टोळी अजून गावातच होती तेव्हा पडवीवाल्या म्हातारीने अक्कांना फोन करून जवसला सोडल्याचं कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही गेलो. दारं उघडी होती ती आम्हाला बघून लोटली गेली. एकीने फटीतून तांब्या बाहेर सरकवला आणि म्हणाली, "घिऊन जावा अक्का. घरात नको ह्ये." मग प्रत्येक दारात तेच. अक्कांनी ते पिशवीत भरले. जवसचा मिळाला नाही, तो तिच्या सासरीच राहिला. मुकादमाकडेही गेलो. त्याने खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला आणि म्हणाला, "बाई, मी कुणाला काय बोललो का सांगा. ज्याची त्यानं बायको नेऊन घातली." ते खरंच होतं. ऑफिसने पुढे कुठे कुठे अर्ज केले, सरही चार दिवस धावपळ करत होते. पण तक्रार कशाची करायची? तो तर नुसतं पाणी प्यायला होता.

संध्याकाळच्या आत आम्ही जवसच्या भावाच्या घरी पोचलो. ती गोठ्याच्या कडेला शेण भरत होती. तिने हात धुतले, पोतं अंथरलं, अक्कांना हात धरून खाली बसवलं. अक्काच बोलायचा प्रयत्न करत होत्या, वकील बघू, पोरांचं बघू, असं काहीबाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अक्का, तुमी इचारलं, म्या सांगितलं. उद्या पोरं मोठी झाल्यावर इचारतील, आई आमाला टाकून का गेली. तवा खरं सांगू का गप बसू? तेवढं सांगून जावा."

जन्मभर लोकांना प्रश्न विचारून ज्यांनी पोट भरलं त्या अक्का तिच्या तोंडाकडे बघत बसल्या. मी वाट बघत होते की आता काहीतरी म्हणतील. शेवटी त्यांनी माझ्यापुढे हात केला, उठव म्हणून. परतताना एस.टी.त पिशवीतले तांब्ये प्रत्येक खड्ड्याला वाजत होते. खिडकीची जागा त्यांनी मला दिली. 'एन माडोदु,' काय करायचं, एवढंच त्या स्वतःशी कानडीत म्हणाल्या.

त्यानंतर त्या कामावर आल्या नाहीत. मी अधूनमधून घरी जायची. वकील त्यांनी खरोखर लावला होता. तारखा पडत होत्या, लेकरं बापाकडेच होती. एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, अक्का, तुम्ही स्वतःला का खाताय, तुम्ही तर सगळं नीट केलं होतं. जागा नीट, दिवस नीट, तिला विचारलं होतं, नावसुद्धा विचार करून घातलं होतं.

"तेच तर गं," त्या म्हणाल्या. "चुकलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या वेळी सुधारता आलं असतं."

आता गटचर्चा मी घेते. अक्कांचे शब्द जसेच्या तसे म्हणते, तोंडाची हमी, घास उतरणं, चहा. बायकांना मी काही देत नाही. परवा ढोकीकडच्या एका गावात एक म्हातारी निघताना म्हणालीच, रिकाम्या हातानं वाटंला लावता व्हय बायकांना? मी हसले. तिला काय सांगणार होते? हल्ली बायका बोलायला लागल्या आणि त्यातली एखादी मान वर करून काही सांगू लागली की लोणच्याचा विषय काढावा असं वाटतं. कित्येकदा मी काढतेही. या कामातून कुणाचं काही भलं होतं यावर माझा आता विश्वास उरलेला नाही. दुसरं काम येत नाही म्हणून करते.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. लिंगायतांत माणसाला मांडी घालून, बसवून पुरतात. त्यांचे गुडघे शेवटी वळतच नव्हते, त्यामुळे बसवणाऱ्यांना फार कष्ट पडले. बायकांत मागे उभी राहून मी ते पाहिलं. गळ्यातलं इष्टलिंग त्यांच्या हातात दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी घरी भेटायला गेले. सुनेने पाणी आणून दिलं. तांब्या हातात घेतला आणि सवयीने, त्यांच्याच सवयीने, मी तो उजेडाकडे वळवला. काही लिहिलेलं नव्हतं. फिरवून पाहिला. गुळगुळीत होता.

माझं बघणं सुनेच्या लक्षात आलं. ती म्हणाली, आत्यांनी मागच्या वर्षी पॉलिशवाल्याला घरी बोलावलं आणि घरातल्या सगळ्या भांड्यांवरची नावं घासून घेतली. स्वतःच्या लग्नातली, बापाच्या दुकानातली, नातवाच्या बारशाची, सगळी. आम्हाला वाटलं म्हातारपणाचं खूळ, म्हणून कुणी अडवलं नाही.

तिच्यामागे मांडणीवर भांडी ओळीने लावलेली होती. कुठलं कुणी दिलं, कुणाचं कुठलं, काही कळत नव्हतं. मी पाणी प्यायले आणि तांब्या खाली ठेवला.